वाईट चित्रपटांच्या संगतीत

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरी कोणी फारसे काम करीत नाही. मध्यरात्रीची मिस्सा, आदल्या दिवसाच्या भेटीगाठी आणि फराळाची ताटे घेऊन चढलेले-उतरलेले जिने यांनी सारेच थकलेले असतात. गेल्या नाताळात अशाच एका दुपारी अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरात तीन पिढ्या एका खोलीत दाटीवाटीने बसल्या होत्या. थोरल्या पुतण्याने एक नावाजलेला, पारितोषिके मिळवलेला चित्रपट लावला. चित्रपट उत्तम होता, यात शंका नाही. परंतु अर्ध्या तासात दोघे वडीलधारे घोरू लागले आणि मुले हळूच गॅलरीत सटकली. तेव्हा धाकट्या पुतणीने सुचविले, "काका, तो भुताचा लावू या ना!"

भुताचा म्हणजे 'पुराना मंदिर'. रामसे बंधूंचा, १९८४ सालचा. नको तेथे चित्र पुढे सरकविण्याची जबाबदारी वहिनींनी रिमोट हाती घेऊन स्वीकारली आणि पाहता पाहता घर जागे झाले. लाल डोळ्यांचा सैतान सामरी आला, विजा कडाडल्या, दारे आपोआप करकरली. मध्येच भूत बाजूला राहिले आणि 'शोले'ची नक्कल करणारे डाकू अवतरले. आमच्या गावचे शिवमंदिर इ. स. १०६० चे, वालधुनीच्या काठी ते आजही उभे आहे. "आपल्या खऱ्या पुराण्या मंदिरात एवढी जळमटं नाहीत हो!" असे आजोबा म्हणाले आणि सारे खो-खो हसले. मघाचे घोरणारे तेच.

वाचकहो, असे का होते? चांगल्या कलाकृतीसमोर आपण पेंगतो आणि फसलेल्या कलाकृतीसमोर टवटवीत होतो, हे आपल्या अभिरुचीचे दारिद्र्य म्हणावे काय? या प्रश्नाचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला आहे; कारण वाईट चित्रपटांची आमची संगत जुनी आहे.

ती जडली व्हिडिओच्या काळात. १९८० च्या दशकात आमच्या चाळीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी भाड्याने आणण्याची रीत होती. उल्हासनगरच्या बाजारातून ते सामान रिक्षात मांडीवर घेऊन येणे हा मोठा मान असे. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस सोडले, तर महिन्यातून एक शनिवार ठरलेला. सतरंज्या अंथरल्या जात, दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. तीन कॅसेटींत एक चित्रपट वडिलांच्या पसंतीचा, एक बायकांच्या आणि तिसरा दुकानदार देईल तो. रात्री दोननंतर लागणारा हा तिसरा चित्रपट हमखास वाईट असे आणि सकाळी मिस्सेहून परतताना चर्चा त्याचीच चाले.

त्या शनिवारांतून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. वाईट चित्रपट सगळेच रंजक नसतात. बहुसंख्य नुसते कंटाळवाणे असतात. पैसा आहे, नट आहेत, परंतु करणाऱ्याचे मन कशातच नाही, असा चित्रपट पाहताना हसूही येत नाही. हसू येते ते जीव ओतून केलेल्या आणि तरीही फसलेल्या कामाचे.

रामसेंचेच पाहा. उल्हासनगरच्या छावण्यांत आलेल्या सिंधी कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आले. वडिलांचा, एफ. यू. रामसे यांचा, धंदा रेडिओच्या दुकानाचा. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा १९७० चा चित्रपट चालला नाही. पण त्यातील एका प्रसंगात मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर पाहून प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी हेरले. मग सात भावांनी कामे वाटून घेतली. कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी दिग्दर्शन. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सारे कुटुंब महाबळेश्वरी मुक्कामाला गेले आणि घरच्याच बायकांनी स्वयंपाक सांभाळला. ज्या भुताला पाहून आपण हसतो, त्याच्या पोटी कोणाच्या तरी आईच्या हातची पोळी गेलेली असते.

मालेगावचे शेख नासिर तर त्याहून पुढचे. २००० साली त्यांनी यंत्रमागाच्या त्या गावात 'मालेगाव के शोले' काढला. नट गावातलेच, कॅमेरा फिरविण्यास सायकल आणि उंच नेण्यास बैलगाडी. लोक हसणार हे त्यांना ठाऊक होते. किंबहुना त्यासाठीच तो खटाटोप होता. याउलट १९९८ चा कांती शाह यांचा 'गुंडा' हसविण्यासाठी काढलेला नव्हता. त्याची यमके जुळविणारी भाषा कुटुंबासमवेत ऐकण्याजोगी नाही, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. परंतु वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी तो पुढे डोक्यावर घेतला, एवढे खरे.

आणि सगळेच फसणे वाईटही नसते. मनमोहन देसाईंच्या 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) तीन भावांचे रक्त एकाच वेळी नळ्यांतून वर चढते आणि मातेच्या देहात उतरते. वैद्यकशास्त्र आणि गुरुत्वाकर्षण दोघेही हात टेकतात. तरीही त्या प्रसंगी आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी येई आणि त्याच वेळी ती हसतही असे.

याच चित्रपटात ईस्टरच्या समारंभी एका भल्यामोठ्या अंड्यातून अँथनी बाहेर पडतो. आमच्या चाळीतील ख्रिस्ती कुटुंबांना असल्या प्रसंगांची विशेष गोडी. पडद्यावरचे आपण पाहून आम्ही लोटपोट होत असू. चित्रपटातील ख्रिस्ती माणूस बहुधा दारू पिऊन तर्र; त्याची मुलगी तोकड्या झग्यात; धर्मगुरू दिवसरात्र वेदीपाशी उभे, जणू त्यांना जेवणखाण, शाळा, हिशेब काहीच नाही. आणि रामसेंच्या भयपटांत क्रूस असा उगारला जाई, जणू ती विजेरी आहे! "बॅटरी नवीन दिसते," असे कोणीतरी हमखास म्हणे. या हसण्यात थोडा सलही असे. आपल्याला न ओळखणाऱ्यांनी आपले चित्र काढले, की आधी राग येतो. हसल्याने तो राग उतरतो. म्हणून हे हसणे आम्हांस निर्दोष वाटत होते.

ते तसे नाही, हे आम्हांस वरच्या मजल्यावरच्या मामांनी शिकविले.

मामा मूळचे नगर जिल्ह्यातले, कारखान्याच्या नोकरीसाठी अंबरनाथला आलेले. सारी चाळ त्यांना मामाच म्हणे. कारखाना बंद पडल्यावर ते पहाटेची लोकल धरून मुंबईस जाऊ लागले. कोठेतरी पहारेकऱ्याचे काम मिळाले असावे, अशी आमची समजूत होती. विचारले तर ते "चाललंय" एवढेच म्हणत.

१९८८ च्या मे महिन्यातील एका शनिवारी रात्री तिसरी कॅसेट लागली. चित्रपटाचे नाव येथे देत नाही. ते कोणाच्या स्मरणात राहण्यासारखेही नव्हते. नायकाच्या मित्राचा खून होतो आणि दफनविधीचा प्रसंग येतो. आम्ही सरसावून बसलो. धर्मगुरू झालेल्या नटाने पुस्तक उलटे धरले होते. नायकाने डाव्या हाताने क्रूसाची खूण केली, तीही कपाळावरून थेट खांद्याकडे. त्याच्या मागे उभ्या वीसेक शोकाकुलांनी ज्याला जशी सुचेल तशी खूण केली. खोलीत हास्याचा कल्लोळ उसळला. एवढ्यात कोणीतरी ओरडले, "अरे, ते बघा! मागं आपले मामा!"

खरोखरच मामा होते. काळा कोट घातलेले, मागच्या रांगेत, कोपऱ्यात. हशा दुप्पट झाला. "मामा हिरो!" असे म्हणत आम्ही मागे वळलो. मामा भिंतीला टेकून बसले होते. ते हसत नव्हते. क्षणभराने ते उठले, दाराबाहेरच्या ढिगात आपल्या चपला शोधू लागले. त्या लवकर सापडेनात. शेवटी ते अनवाणीच जिना चढून गेले. आमच्या वडिलांनी टीव्ही बंद केला. त्या रात्री कॅसेट पुरी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर वडील त्यांच्या चपला घेऊन वर गेले. आम्हांलाही सोबत नेले. वडिलांनी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले, तोच मामा म्हणाले, "तसं काही नाही. पोरांना एक्स्ट्राचं काम करतो म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच. ती कॅसेट परत आणाल का? मला एक दाखवायचंय."

पुढच्या शनिवारी कॅसेट पुन्हा आणली. दफनाचा प्रसंग आला, तेव्हा मामांनी चित्र थांबवायला सांगितले. चित्र थरथरत, पट्टे उमटवत थांबले. मग एकेक पाऊल पुढे सरकले. "आता माझ्याकडं बघा." वीस माणसे हवेत हात हलवीत होती. कोपऱ्यातील एका माणसाचा उजवा हात कपाळाकडे गेला, छातीवर आला, डाव्या खांद्यावर आणि मग उजव्या खांद्यावर. पूर्ण, सावकाश, जशी आम्ही रोज रात्री रोझरीच्या आरंभी करतो तशी.

"मी त्या साहेबाला सांगितलं, खूण चुकतीय. तो म्हणाला, मागचे कोणाला दिसत नाहीत, जसं येतं तसं करा. म्हटलं, मग मला येतं तसं करतो." ओठ हलताना दिसत होते. वडिलांनी विचारले, "काय पुटपुटत होता?" मामा जरा संकोचले. "मृतांसाठीची प्रार्थना. पेटी रिकामी होती, माहीत होतं. पण त्या दिवशी कुठं ना कुठं कोणी गेलंच असेल की. त्याला लागली असेल."

मग ते स्वतःच हसू लागले. ती रिकामी पेटी एका हाताने उचलण्याजोगी होती; परंतु उचलणाऱ्यांना वाकून चालण्याची आज्ञा होती आणि त्यांतला एक इतका वाकला, की पेटीच त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली! तो भाग गाळला होता, पण मामांनी उठून अभिनय करून दाखविला. आम्ही मामांच्या मागून हसलो. गेल्या शनिवारचा चित्रपट तोच, प्रसंगही तोच. हसणे मात्र निराळे होते.

पुढे केव्हातरी अमेरिकेतील एड वुड नावाच्या दिग्दर्शकाविषयी वाचनात आले, तेव्हा मामांची आठवण झाली. या गृहस्थाने १९५० च्या दशकात 'प्लॅन नाइन फ्रॉम आऊटर स्पेस' हा चित्रपट काढला. पैसा एका बाप्तिस्त मंडळीच्या सभासदांनी पुरविला आणि त्या भरात वुडने स्वतःही बाप्तिस्मा घेतला. प्रमुख नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले. त्यांचे थोडेसेच चित्रण हाती होते. वुडने दुसरा, चांगलाच उंच माणूस आणून त्याला झग्याने चेहरा झाकून चालविले. १९८० साली मेडवेड बंधूंच्या पुस्तकाने हा जगातील सर्वांत वाईट चित्रपट ठरविला आणि तेव्हापासून लोक तो आवडीने पाहू लागले. परंतु वुड १९७८ मध्येच दारिद्र्यात वारला होता. जगाचे हसू त्याच्या कानी पडले नाही, आणि त्या हसण्यात पुढे मिसळलेले प्रेमही नाही. मामांच्या बाबतीत आम्हांस दुसरा शनिवार मिळाला. सगळ्यांनाच तो मिळत नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या दफनाच्या वेळी सारी चाळ उभी होती आणि प्रत्येकाचा हात योग्य जागी जात होता.

गेल्या नाताळात ही हकिकत आम्ही मुलांना सांगितली. पुतण्याने लगेच त्या चित्रपटाचे नाव विचारून मोबाइलवर शोध घेतला. एक पुसट प्रत सापडली. दफनाचा प्रसंग आला, उलटे पुस्तक आले, नायकाचा डावा हात आला, मुले हसलीच. आम्हीही हसलो. मग पुतणीने चित्र थांबविले आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "काका, हे बघा. हे आजोबा बरोबर करतायत."