मेंढीच्या रक्तातील एक अक्षर

सोलापूर जिल्ह्यातील करमाळे तालुक्यात जेऊर हे गाव आहे. या मुलखात पावसाचा भरवसा नाही. म्हणून मेंढरांचा कळप हा धनगरांचा मोठा आधार. त्यांची दख्खनी मेंढी फार काटक. रानातल्या झुडपांवर ती गुजराण करते, कोसचे कोस चालते आणि धन्याला घोंगडीसाठी लोकर देते. मात्र एका वेळी ती बहुधा एकच कोकरू देते. क्वचित जुळी होतात.

कळपासाठी मेंढा निवडताना मेंढपाळ भरदार कोकरू पाहतो. परंतु एकटे जन्मलेले कोकरू आईचे सगळे दूध पिऊन पुष्ट होते. जुळी कोकरे रोड राहतात. साहजिकच पुष्ट कोकरू कळपात राहते आणि जुळी बाजाराची वाट धरतात. त्यांच्याबरोबर जुळे देण्याचा गुणही विकला जातो! डोळ्यांना रूप दिसते; रक्तात दडलेला गुण दिसत नाही.

हा गुण आता वाचता येतो. प्राण्याच्या पेशीत डीएनए नावाचा सूक्ष्म धागा असतो. त्यावर चार अक्षरांत वंशाचा लेख लिहिलेला असतो. मेंढीच्या लेखात अडीच अब्जांहून अधिक अक्षरे आहेत. यंत्राच्या साहाय्याने ती ओळीने वाचता येतात. दोन मेंढ्यांचे लेख ताडून पाहिले, तर बहुतेक अक्षरे सारखी निघतात; क्वचित कोठे भेद आढळतो.

बंगालमधील सुंदरबनात गारोल नावाची लहानखुरी मेंढी आहे. ती एका वेळी दोन-तीन कोकरे देते. याचे कारण अवघ्या एका अक्षराच्या बदलात आहे, हे शास्त्रज्ञांना उमगले.

भीमा आणि नीरा ओलांडून गेले, की सातारा जिल्ह्यात फलटण लागते. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोल मेंढ्या आणून दख्खनी मेंढ्यांशी त्यांचा संकर केला. पुढील प्रत्येक पिढीत ते अक्षर असलेली जनावरे निवडून अंगकाठी दख्खनी मेंढीसारखी राखली. मेंढा काही स्वतः वीत नाही. त्याचा गुण कळण्यासाठी पूर्वी त्याच्या लेकी विण्याची वाट पाहावी लागे. त्यात वर्षे जात. आता कोवळ्या कोकराच्या रक्ताच्या थेंबावरून तो गुण कळतो. अशा निवडीतून तयार झालेल्या मेंढीला ‘नारी सुवर्णा’ असे नाव मिळाले.

तथापि ते अक्षर चारा आणून देत नाही. दोन कोकरांच्या आईला खुराक अधिक हवा आणि अशक्त कोकराला वरचे दूध पाजणारे हात हवेत. दुष्काळात एकाच कोकराची काटक आई कळपाला तारते, तर सुकाळात जुळ्यांची आई घरात चार पैसे आणते. म्हणून शहाण्या मेंढपाळाने दोघींचा वंश राखावा. यंत्र रक्तातील भेद दाखविते. त्या भेदाचे मोल जाणून कळप सांभाळणे हे मेंढपाळाचेच काम आहे.