कॉर्डुरॉयचा कोट

गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मला खरी थंडी भेटली ती शिक्षकी पत्करून बेळगावास आल्यावर. डिसेंबरातील सकाळी वर्गात कॉर्डुरॉयचे कोट दिसू लागले की मनाला बरे वाटते. हे कापड लोकरीचे नव्हे, बहुधा सुतीच. विणताना आडवे जादा धागे मोकळे सोडतात. मग ते उभ्या रेषांत कापून कुंचल्याने फुलवितात. नांगरलेल्या शेतातील वरंब्यांसारख्या मऊ रेघा उठतात त्या अशा. त्या लवेत हवा अडकून राहते, ऊब तिचीच. ‘राजाची दोरी’ असा फ्रेंच अर्थ लावून या कापडाचे नाते राजघराण्याशी जोडतात, ती मात्र दंतकथा. मला तर ते मुलांचेच कापड वाटते.

हल्ली जुन्या धाटणीचे असे कोट दुकानांत नवे मिळतात, मोठ्या गुंड्यांचे, दिसतातही गोजिरे. माझ्या वर्गातील एकाचा कोट मात्र खराच जुना, थोरल्या भावाचा. कोपरावरची लव झिजून नुसती वीण उरलेली. तो कोपर सदा तळहाताने झाकून बसे. लव गेली तेथे ऊबही गेली, म्हणून आतून फ्लॅनेलचे ठिगळ लावावयास मी त्याच्या आईला सुचविले. त्या माउलीने ते बाहेरून लावले, आणि तेही लालभडक! आता उत्तर येवो न येवो, तो हात पहिला वर करतो.