उलट्या दिशेचं बंदर

सत्तर हजार टन कोळसा मावेल असा तराजू कुठल्याही बंदरात नसतो. म्हणून जहाजालाच तराजू मानतात. मालासकट ते किती बुडलं होतं आणि माल उतरल्यावर किती वर आलं, या फरकावरून वजन काढायचं. बंदरावरची माणसं याला ‘ड्राफ्ट सर्व्हे’ म्हणतात, आणि कोट्यवधी रुपयांचे व्यवहार त्या एका कागदावर मिटतात.

गोव्याच्या मुरगाव बंदरात हे काम मी पाहिलं ते एका अनुभवी सर्व्हेयरच्या मागोमाग लाँचमध्ये बसून. प्रवेशाचा पास, डोक्यावर हेल्मेट, अंगात भगवं जॅकेट आणि बंद बूट, एवढं सगळं चढवल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही. जहाज ऑस्ट्रेलियाहून कोकिंग कोळसा घेऊन आलेलं, सव्वादोनशे मीटर लांब. त्याच्या नाळेवर, मध्यभागी आणि मागे, अशा तीन ठिकाणी दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगात आकडे रंगवलेले असतात. प्रत्येक आकडा दहा सेंटीमीटर उंच आणि दोन आकड्यांमध्ये दहा सेंटीमीटरचं अंतर. धक्क्याकडच्या बाजूचे आकडे वरून वाचता येतात, समुद्राकडचे वाचायला लाँच लागते.

वाचायचं म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळलं. पाणी एका जागी थांबत नाही. लाट येते, आकडा झाकते, पुन्हा उघडा करते. सर्व्हेयर लाँचच्या कठड्याला टेकून निवांत बघत राहिले. सर्वांत वर गेलेली रेघ, सर्वांत खाली आलेली रेघ, मग मधली, आणि तीच वहीत. या आकाराच्या जहाजाला एक सेंटीमीटर बुडवायला पासष्ट-सत्तर टन माल लागतो. म्हणजे सरासरीत एका सेंटीमीटरचा फरक पडला, तर सहा-सात टिपर कोळसा कागदावरून नाहीसा होतो किंवा नसलेला उगवतो.

त्यानंतर दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडून नमुना घेतला गेला. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ धरतात, पण मुरगाव जुवारी नदीच्या मुखाशी आहे. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी उतरलं की घनता घटते आणि तेच जहाज तेवढाच माल घेऊन थोडं जास्त बुडतं. हायड्रोमीटर बुडवून तो आकडाही लिहिला. मग जहाजावर चढून बॅलास्टच्या, म्हणजे जहाज स्थिर ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाक्यांमध्ये टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, इंधन आणि पिण्याचं पाणी किती ते विचारायचं आणि हे सगळं वजनातून वजा करायचं. जहाजाचा चीफ ऑफिसर शेजारी बसून स्वतःचं गणित मांडत होता. दोघांचे आकडे जुळेपर्यंत चहा झाला, बिस्किटं झाली, थोडी हुज्जतही झाली. अर्ध्या टक्क्याचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, सत्तर हजारांवर तो साडेतीनशे टन होतो.

काम आटोपल्यावर सर्व्हेयर म्हणाले, “माझी उमेदीची वर्षं याच धक्क्यावर गेली, पण तेव्हा वजाबाकी उलटी होती. जहाज रिकामं यायचं आणि भरून जायचं.”

मुरगाव समजून घ्यायला हे एक वाक्य पुरेसं होतं. पुढे जे जे पाहिलं, ते त्याच वाक्याचे तपशील ठरले.

हे बंदर माल बाहेर धाडण्यासाठीच बांधलं गेलं. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि त्यातून मुरगावपासून घाटापर्यंत रेल्वे टाकायचं ठरलं. १८८८ मध्ये ती कॅसलरॉकला पोचली आणि ब्रिटिश मुलखातल्या लोहमार्गाला जोडली गेली. दख्खनच्या पठारावरचा माल घाट उतरून समुद्राला मिळावा, हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातल्या लोहखनिजाला जपानी पोलाद कारखान्यांची मागणी आली आणि बंदराला त्याचा खरा माल सापडला. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ मध्ये मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला, पुढच्या वर्षी पोर्ट ट्रस्ट आला. १९७९ मध्ये नऊ नंबरच्या धक्क्यावर खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांमधून, खनिज उचलायचं, ढिगाऱ्यावर रचायचं, ढिगाऱ्यावरून पट्ट्यावर घ्यायचं आणि थेट जहाजाच्या पोटात ओतायचं. सगळी यंत्रं नदीकडून समुद्राकडे तोंड करून उभी केलेली.

खनिज यायचं ते मुख्यतः पाण्यातून. डिचोली-साखळीकडचं मांडवीतून, सावर्डे-कुडचड्याकडचं जुवारीतून. दीड-दोन हजार टन पोटात घेतलेली बार्ज एकामागून एक नदीच्या ओहोटी-भरतीवर सुटायची. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा बांध साठतो आणि समुद्र खवळतो, तेव्हा तो रस्ता बंद. मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून आडव्या जुवारीत उतरायची. ज्या जहाजांना धक्क्याजवळच्या खोलीत पुरतं भरणं शक्य नसे, ती अर्धी भरून बाहेर नांगर टाकायची आणि उरलेला माल तरंगत्या क्रेनमधून घ्यायची.

चीनची भूक वाढली तसा हा ओघ फुगला. २०१०-११ मध्ये मुरगावने वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास माल हाताळला आणि त्यातला बहुतांश लोहखनिजाचा होता. त्याच सुमारास गळती सुरू झाली होती. कर्नाटकाने २०१० मध्ये खनिजाच्या निर्यातीला बंदी घातली, त्यामुळे होस्पेट-बळ्ळारीकडून रेल्वेने उतरणारा माल थांबला. बेकायदा खाणकामाच्या चौकशीनंतर सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१३-१४ मध्ये बंदराची उलाढाल सव्वा कोटी टनांच्याही आत आली होती. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

बंदर मात्र बंद ठेवता येत नाही. गाळ काढावाच लागतो, टग आणि पायलट चोवीस तास लागतात, पगार आणि पेन्शन द्यावीच लागते. पोकळी भरून काढायला कोळसा होताच. कर्नाटकात पठारावरच्या तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याला समुद्रापलीकडून कोकिंग कोळसा हवा होता आणि त्यासाठी खासगी टर्मिनल २००४ पासून सुरू झालं होतं, दुसरं २०१४ मध्ये आलं. त्यांच्याबरोबर चुनखडी आली. कारखान्यातून परत येणारी पोलादाची गुंडाळी, म्हणजे कॉइल, दहा-अकरा नंबरच्या धक्क्यांवरून परदेशी जाऊ लागली. पूर्वी ज्या पठारावरून कच्चं खनिज उतरायचं, त्याच पठारावर आता कच्चा माल चढायला लागला.

जहाजातल्या माल ठेवायच्या कोठीचं, म्हणजे होल्डचं, झाकण उघडल्यावर आत डोकावलो. खोली पाच-सहा मजली इमारतीएवढी, तळाशी काळा डोंगर. क्रेनचा ग्रॅब जबडा वासून खाली जातो, एका घासात कित्येक टन उचलतो आणि हॉपरमध्ये सोडतो. तिथून पट्टा थेट यार्डात. काम चालू असताना तोंडावर रुमाल बांधलेला फोरमन हाताने खुणा करत होता, कारण आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. सुरुवातीचा माल भराभर निघतो. कसोटी लागते ती तळाशी. भिंतींच्या कोपऱ्यांत, शिडीच्या मागे, चौकटींच्या खाचांत कोळसा अडकून राहतो. मग क्रेनने एक बुलडोझर उचलून होल्डमध्ये उतरवतात, तो कडेचा माल मधे लोटतो. शेवटी फावडी घेतलेली माणसं उतरतात. त्याआधी आतली हवा तपासतात, कारण कोळसा स्वतःहून तापतो आणि वायू सोडतो.

फोरमनला घाई कशाची, असं विचारलं तेव्हा त्याने घड्याळाकडे बोट केलं. जहाज ‘माल उतरवायला तयार’ अशी नोटीस देतं तेव्हापासून ठरलेले तास मोजायला लागतात. तेवढ्यात काम झालं नाही तर डेमरेज, म्हणजे दिवसामागे हजारो डॉलर. लवकर सुटलं तर थोडे पैसे परत. पाऊस पडला की झाकण लावायचं आणि ते तास कागदावर वेगळे नोंदवायचे. म्हणून ढग दिसताच बंदरावरचे तीन वेगवेगळे लोक आपापल्या वह्या काढतात: जहाजाचा, माल उतरवणाऱ्या स्टीव्हडोरचा आणि एजंटाचा. पाऊस नेमका किती वाजून किती मिनिटांनी सुरू झाला, यावर त्यांचं एकमत क्वचितच होतं.

यार्डातून कोळसा वॅगनमध्ये भरला जातो. एका रेकमध्ये, म्हणजे एका मालगाडीत, अठ्ठावन्न-एकोणसाठ वॅगन आणि चार हजार टनांच्या जवळपास माल, म्हणजे एका जहाजाला सतरा-अठरा रेक. आणि मग घाट. कुळे ते कॅसलरॉक हे सव्वीस किलोमीटरचं अंतर, चढ सदतीसला एक. दूधसागरचा धबधबा याच मार्गावर आहे. खनिजाच्या जमान्यात भरलेल्या गाड्या उतारावरून यायच्या, त्यामुळे सगळी काळजी ब्रेकची. कॅसलरॉकला गाडी थांबवून ब्रेक तपासायचे, वाटेत गाडी बेफाम झालीच तर तिला वळवायला चढावर जाणाऱ्या कॅच सायडिंग. आता भरलेली गाडी चढते. पुढे इंजिनं, मागून ढकलायला बँकर इंजिनं, आणि मुंगीच्या पावलाने वर. रिकाम्या वॅगन खाली येतात. माल फिरला तशी या मार्गाला दुपदरी करायची मागणी पुढे आली. घाट अभयारण्यातून जातो, म्हणून गोव्यातून विरोध झाला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

वास्को शहर बंदराला चिकटून आहे. यार्डावर पाण्याचे फवारे चालतात, ढिगांवर ताडपत्री असते, उंच जाळ्या उभ्या केल्या आहेत. तरी दुपारनंतर समुद्रावरून सुटणारा वारा शहराकडेच येतो. सडा आणि बायणा भागातल्या घरांमध्ये बाल्कनीच्या लाद्यांवर बोट फिरवून दाखवायला कोणी नकार देत नाही. एका घरातल्या आजींनी मला ओलं फडकं दाखवलं, सकाळी पुसलेलं आणि दुपारी पुन्हा काळं झालेलं. २०१७ च्या उन्हाळ्यात बंदराच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावण्या झाल्या तेव्हा लोकांनी दिवसचे दिवस बोलून विरोध नोंदवला. गंमत अशी की खनिजाची लाल धूळ याच घरांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. तेव्हा लाल धूळ आणि घरातल्या कोणाची तरी बार्जवरची नोकरी, दोन्ही एकाच वाटेने घरात येत. कोळशाच्या कामाला माणसं थोडी लागतात आणि नदीतलं तर कोणीच लागत नाही.

नदीतली ती माणसं शोधताना एका जुन्या बार्ज मास्टरशी गाठ पडली. मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, मालवणी बोलणारे, बापही खलाशी. बार्जवर मास्टर, ड्रायव्हर, सारंग, खलाशी आणि भंडारी असा संसार असायचा आणि त्यातले अर्धे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचे असत. चिखलातला खडक, रात्रीचं नदीतलं वळण, आग्वादचा वाळूबांध, हे सगळं त्यांना नकाशाशिवाय पाठ होतं. मी “काका, आता काय?” म्हटलं, तेव्हा ते हसले.

“आदी माल भायर जायचो, आता भुतूर येता. आमी मात्र मधीच रवलंव.”

खाणी थांबल्यावर अनेक मालकांचे हप्ते थकले. बार्जची दुरुस्ती थांबली, नदीकाठी पत्रा गंजत राहिला, काही भंगारात गेल्या. या मास्टरांची बार्ज वाचली, कारण तिला बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. रायगड जिल्ह्यात धरमतरच्या खाडीत, बाहेर उभ्या मोठ्या जहाजांवरून कोळसा उतरवून कारखान्यांकडे नेणारी बार्ज भरतीच्या वेळेला धरून चालतात. तिथे गोव्याच्या मास्टरांना काम होतं. ते बार्जसोबतच गेले.

“गोव्याची नदी काय, धरमतर काय, पाणी तेंच. पण तकडे चिखल जास्त, आणि भरती चुकलास तर थयच बसाचा.” ज्या बार्जने आयुष्यभर खनिज समुद्राकडे नेलं, ती आता समुद्राकडून कोळसा खाडीत आणते, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

अलीकडे गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि काही ठिकाणी खाणकामही सुरू झालं. परत याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, लायसन्सची मुदत बघावी लागेल, मालक बार्ज सोडेल का ते बघावं लागेल, आणि नदीत गाळ किती साठलाय तेही. मग त्यांनी खिशातून भरतीचं वेळापत्रक काढलं. परवाची भरती पहाटे होती, आणि त्याआधी पेणला पोचायचं तर संध्याकाळची गाडी धरायची होती.