लेहचं स्क्यू आणि बाबांचं जेवण

आमच्या घरी सूप हे कधी जेवण नव्हतंच. हॉटेलात गेलो की जेवणाआधी टोमॅटोचं, नाहीतर कुणाला ताप आला की मुगाचं कढण, एवढीच त्याची जागा. त्यामुळे गेल्या वर्षी बाबांच्या दाढा काढल्या आणि कवळी बसेपर्यंत "मऊ, पातळ खा" असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बडोद्याच्या आमच्या घरात रोज दुपारी वाद सुरू झाला. आई दुधीचं सूप गाळून द्यायची. बाबा ते प्यायचे आणि अर्ध्या तासानं फरसाणाचे डबे उघडून बघायचे, जे चावता येणार नव्हतंच. दोन महिन्यांत त्यांचं वजन चार किलोनं घटलं. कवळी आली तीही टोचायची. हळूहळू ते जेवायला आमच्याबरोबर बसेनासे झाले, आणि मला वजनापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटू लागली.

लेहची तिकिटं मात्र आधीच काढलेली होती. डॉक्टरांना विचारून जूनमध्ये गेलो.

लेह साधारण 3,500 मीटर उंचीवर आहे. विमानानं थेट उतरल्यावर निदान पहिला दीड-दोन दिवस विश्रांतीच घ्यावी लागते. आम्ही एका कुटुंबाच्या घरी उतरलो होतो, त्यामुळे तो सगळा वेळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेला. लडाखी घरातली हीच मुख्य खोली. मोठी चूल, भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेली तांब्यापितळेची भांडी, बसायला गालिचे आणि पुढ्यात ठेंगणी मेजं. घरच्या आजींना आम्हीही 'अमा-ले' म्हणू लागलो. 'अमा' म्हणजे आई आणि 'ले' हा आपल्या 'जी'सारखा आदराचा शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमा-लेंनी कणीक मळली. सुपारीएवढी गोळी घ्यायची, अंगठ्यानं दाबायची की इवलीशी वाटी तयार. पातेल्यात कांदा, सलगम, गाजर, बटाटा परतून पाणी उकळत होतं, त्यात त्या वाट्या सोडल्या. शेवटी ताकापासून केलेलं वाळवलेलं चीज, म्हणजे छुर्पे, घातलं. याला स्क्यू म्हणतात. एरवी त्यात मटणही असतं, आमच्यासाठी बिनमटणाचं केलं.

त्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. पण अंगठ्यानं मध्ये पातळ केलेली कणीक लवकर शिजते आणि तिचं पीठ सुटून रस्सा दाट होतो. हिवाळ्यात बर्फानं खिंडी बंद व्हायच्या, तेव्हा जमिनीत खड्डा करून पुरून ठेवलेली कंदमुळं आणि घरचं पीठ यांवरच भागवावं लागे. म्हणून तिथे सूप हेच जेवण. बाजारात मिळणारा नूडल्सचा थुक्पा किंवा कणकेच्या मुडपलेल्या तुकड्यांची चुतागी, सगळ्यांचा हिशेब तोच.

बाबांनी न बोलता दोन वाडगे संपवले. मग आईकडे वळून म्हणाले, "अगं, ही तर आपली वरणफळं!" आणि अमा-लेंना हात जोडून "जुले" म्हणाले. लडाखमध्ये नमस्कार, धन्यवाद आणि निरोप, तिन्हींना हा एकच शब्द चालतो.

आमचं कुठे चुकत होतं ते मला तिथे कळलं. पोट भरणारं जे काही होतं ते आम्ही गाळणीत टाकून देत होतो. वरणफळं आमच्या घरात होतीच, शेजारच्या घरांत दालढोकळी होती, पण रोजच्या दुपारसाठी ती कुणाला सुचली नव्हती.

आता आम्ही असं करतो. तिघांसाठी अर्धी वाटी मसूर डाळ मऊ शिजवून घ्यायची. एक वाटी कणीक मीठ घालून मळून वीस मिनिटं झाकून ठेवायची. तुपात जिरं, लसूण, आलं घालून कांदा, गाजर, बटाटा आणि सलगम परतायचं. सलगम नसेल तर नवलकोल चालतो. त्यात डाळ आणि सहा वाट्या पाणी घालून भाज्या मऊ होऊ द्यायच्या. खळखळून उकळी आली की कणकेच्या वाट्या एकेक करून सोडायच्या, नाहीतर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत त्या शिजतात. वरून मिरपूड, लिंबू आणि कुस्करलेलं पनीर. गाळायचं नाही, मिक्सरमध्ये फिरवायचं नाही.

तुमच्या घरी कुणाला चावायचा त्रास असेल, तर त्यांना वेगळं पातळ काढून देण्यापेक्षा सगळ्यांनीच हे जेवून बघा. बाबांचं वजन अजून पूर्ण भरून आलेलं नाही, दोन किलो बाकी आहेत. पण दुपारी ते आमच्याबरोबर जेवायला बसतात. त्याआधी ओट्याशी उभं राहून कणकेच्या वाट्या तेच दाबतात, आणि माझ्या जाड होतात म्हणून मला त्यात हात घालू देत नाहीत.