बाराशे एक्कावन्न किलोहर्ट्झ

वळवाच्या दिवसांत वैजनाथाच्या डोंगरावर ढग चढू लागले की बेळगावजवळच्या आमच्या बेळगुंदीत त्याची वर्दी आधी रेडिओला लागायची. वीज कुठंतरी चंदगडकडं चमकलेली असायची. आम्हाला अंगणातून तिचा मागमूसही नसायचा, आणि इकडं आकाशवाणी सांगलीच्या निवेदिकेच्या वाक्याला मधूनच कड्‌कन चीर जायची. पुन्हा एक. मग दोन लागोपाठ. आज्जी कुणाला न विचारता उठायची आणि मिरच्या, सांडगे पाटीत भरू लागायची. पहिला गडगडाट ऐकू येईपर्यंत वाळवण घरात आलेलं असायचं. हवामानाचा अंदाज बातम्यांत नंतर यायचा, त्याच्याकडं फारसं कुणाचं लक्ष नसायचं.

ही खरखर म्हणजे मिडियम वेव्हचा मोठा दोष, असं शास्त्र सांगतं आणि ते खरंच आहे. मिडियम वेव्ह चालते एएम पद्धतीवर, आणि एएममध्ये आवाज बसवलेला असतो तो लहरीच्या उंचीत. लहर उंच-बुटकी होते, त्यावरून सेट आवाज ओळखतो. आभाळातली वीज, विहिरीवरची मोटर, लुकलुकणारी ट्यूब, सगळीच त्या उंचीत आपापली भर घालतात आणि निवेदिका कुठली, मोटर कुठली हे बिचाऱ्या सेटला कळत नाही. एफएममध्ये लहरीची उंची कायम ठेवून तिची कंपनं कमी-जास्त करतात. एडविन आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९३३ साली त्याची पेटंटं मिळवली, ती मुळात ही खरखर घालवण्यासाठीच. त्याला ते साधलं. आपल्याकडं एफएम पहिल्यांदा आलं मद्रासला, १९७७ साली. एफएमवर सतारीची तार जशी वाजते तशी मिडियम वेव्हवर कधीच वाजली नाही.

तेव्हा गप्पांचा, खेळांचा, गावाकडच्या खबरबातीचा रेडिओ एएमवरून एफएमवर हलवावा का, असं कुणी विचारलं तर उत्तर तोंडावरच असतं. जग तर हलतंच आहे. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन हे खेळांना वाहिलेलं केंद्र ६६० किलोहर्ट्झवर होतं, ते २०१२ पासून एफएमवरही लागू लागलं. अमेरिकेत विजेच्या मोटारी आल्या, त्यांच्या यंत्रातून एएममध्ये गुणगुण शिरते म्हणून काही कंपन्यांनी गाडीतून एएमच काढून टाकलं. तिथं त्यावरून कायदा करण्यापर्यंत वाद गेला. इंग्लंडात २०२३ च्या अ‍ॅशेस मालिकेबरोबर लाँग वेव्हवरचं कसोटी क्रिकेटचं धावतं वर्णनही संपलं. आपल्या घराघरांत एलईडी दिवे आले, इन्व्हर्टर आले, मोबाइलचे चार्जर आले आणि मिडियम वेव्ह लावावी तर सांगलीच्या जागी भुंग्याची गुणगुण ऐकू येते. मोबाइलमध्ये एफएम असतं, एएम नसतं. दुकानात नवा सेट मागितला तर दुकानदार आपल्याच तोंडाकडं बघत बसतो.

हे सगळं मान्य करूनही माझं मन इथं अडतं. कारण न्यूयॉर्कच्या माणसाचं केंद्र त्याच्याच गावात आहे. बेळगुंदीच्या माणसाचं केंद्र सांगलीत.

सांगली आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या वर. आकाशवाणीचं केंद्र तिथं १९६३ साली सुरू झालं. वीस किलोवॅटचा प्रक्षेपक, १२५१ किलोहर्ट्झ, मीटरांत सांगायचं तर २३९.८. त्याआधी सात वर्षं, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं होतं. त्या दिवसाबद्दल आमच्याकडं जे बोललं जातं ते इथं सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. सांगायचं एवढंच, की त्या शिवेवर चौक्या आल्या, पाट्या आल्या, शाळांतली पुस्तकं बदलली, आणि सांगलीची लहर यातल्या कशालाही न विचारता कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा ओलांडत रोज आमच्या सोप्यात येत राहिली. मिडियम वेव्ह जमिनीला धरून चालते. मधे टेकडी आली तर वळसा घालते, चढते, उतरते.

आमच्या जुन्या सेटचा काटा फिरवत गेलं की जी ठिकाणं लागत, त्यांचा क्रम मला अजून पाठ आहे. ७६५ ला धारवाड, त्याला जवळजवळ चिकटून ७९२ ला पुणं. मग बरीच मोकळी वाट. पुढं ११४३ ला रत्नागिरी, १२५१ ला सांगली, आणि तिच्या हाकेच्या अंतरावर १२८७ ला पणजी. धारवाडचं केंद्र १९५० सालचं, जवळचं आणि दोनशे किलोवॅटचं, त्यामुळं ते घर दणाणून सोडायचं. पुणं त्याच्या आडून हळूच बोलायचं. काटा केसभर इकडं झाला तर कन्नड, केसभर तिकडं झाला तर मराठी, आणि मधोमध अडकला तर दोन्ही भाषा एकमेकींत मिसळून अशा काही बोलायच्या की बेळगावचा बाजारच घरात आल्यासारखं वाटायचं. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर संगीत सल्लागार होते. आमचे आज्जा कन्नड बातम्या लागल्या की कपाळाला आठ्या घालायचे आणि मन्सूरांचं गाणं लागलं की त्याच धारवाडसाठी सगळ्यांना गप्प बसवायचे.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर मिडियम वेव्हची आभाळाकडं जाणारी लहर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर त्याच्याही वरच्या थरावर आपटून दूरवर खाली येते. मुंबईचं ५५८, नागपूरचं ५८५, कधी आंध्रातलं, कधी कुठलं ते न कळणारं एखादं केंद्र, सगळी अंधार पडल्यावरच पाहुणी यायची. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. एफएमवर असं होत नाही. तिथं केंद्र लागतं तरी नाहीतर लागत नाही.

क्रिकेटची कॉमेंट्री याच खरखरीतून आमच्यापर्यंत पोचली. भारतात खेळाच्या धावत्या वर्णनाची परंपरा १९३४ ची, मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरच्या सामन्यात बॉबी तल्यारखान माइकपुढं बसले तेव्हापासूनची. मराठीत ती रुजवली बाळ ज. पंडितांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, त्यामुळं चेंडू कुठं पडला आणि का वळला हे ते खेळणाऱ्याच्या नजरेनं सांगत. शेतात मराठी कॉमेंट्री ऐकणाऱ्याचा एक फायदा असतो: हात मोकळे राहतात. रताळ्याच्या सऱ्या ओढता ओढता बांधावरच्या ट्रान्झिस्टरकडं कान लावता येतो.

“स्कोर काय झालाय गा?” पलीकडच्या शेतातून हाक यायची.

“लावूलालो की काका, सेल उतरलाय!”

ओव्हलची १९७१ ची कसोटी मी मोठ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की ती मीच ऐकली असं कधीकधी वाटतं. २४ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळलेला, आणि चार गडी राखून जिंकलो तेव्हा तिकडं दुपार तर आपल्याकडं आरतीची वेळ. कर्णधार वाडेकर मुंबईचे, चंद्रा म्हैसूरचा. त्या संध्याकाळी कोण कुठल्या राज्याचा हा प्रश्न आमच्या गावात कुणाला पडला नाही, असं आज्जा सांगायचे. मला ते थोडं अतिशयोक्त वाटतं. पण त्यांचा चेहरा आठवला की मी वाद घालत नाही.

क्रिकेट असं दुरून आलं. गावातली कुस्ती मात्र रेडिओवर कधी आलीच नाही, आणि हे मला फार खटकतं. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आमच्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. १९५९ ला त्यांनी दिल्लीत किताब मारला. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात हलगी घुमते, निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम, मागच्या हंगामातला डाव, सगळं एका दमात सांगतो, चित-पट व्हायच्या आधी माणसं उठून उभी राहतात. इतकं कसलेलं बोलणं, इतकी जिवंत मराठी, आणि ती जाते कुठवर? भोंगा पोचतो तिथवर. गावात अंथरुणाला खिळलेला, उमेदीच्या काळात चार मैदानं मारलेला एखादा म्हातारा असतो, त्याच्यापर्यंत ती जात नाही.

आणि हे काम एफएमचंच आहे, हे मी मोकळेपणानं म्हणतो. एफएमची लहर सरळ जाते, नजरेसारखी. दहा किलोवॅटचं केंद्र सपाटीला साठ-सत्तर किलोमीटर, शंभर वॅटचं दहा-पंधरा. गावच्या यात्रेची कुस्ती, रताळ्याचा दर, राकसकोप धरणाचं पाणी किती चढलं, कुठल्या गावची बस बंद, कुणाकडं बारावं, ह्या गोष्टींना पंधरा किलोमीटर पुरतात. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात खासगी एफएमला स्थानिक खेळांचं थेट वर्णन करायला मुभाही आहे. बातम्या मात्र त्यांनी आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा द्यायच्या. मुभा असून मैदानात माइक घेऊन कोण बसतं? सिनेमाची गाणी वाजवणं सोपं आणि जाहिरात त्यालाच मिळते.

गंमत बघा, लहरी कुणाच्या हा प्रश्न आपल्याकडं सुटला तोही खेळामुळंच. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. जनतेची म्हणजे ज्यांच्या गावावरून त्या जातात त्यांचीही, असा मी त्याचा सोयीचा अर्थ लावतो.

अडचण दुसरीच आहे. एफएमचा मनोरा जिथं उभा असतो तिथलाच तो असतो. कोल्हापूरचं १०२.७ मोटारीत निपाणीपर्यंत छान सोबत करतं, तवंदीचा घाट मागं पडला की विरू लागतं. ज्या निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या बायका आहेत तिचं एक वेळ भागेल. चिकोडी, हुक्केरीकडच्या मराठी वाड्यांचं काय, बेळगाव-खानापूरचं काय? सांगलीचा आवाज एफएमवर गेला तर सांगलीकरांना तो पूर्वीपेक्षा लख्ख ऐकू येईल. आम्हाला खरखरत ऐकू येत होता तो येईनासा होईल. कुणी बंदी घालायची गरज नाही. डोंगर पुरे.

२८ एप्रिल २०२३ ला देशभरात एका दिवसात शंभर वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक सुरू झाले. म्हणजे मनात आणलं तर हे होतं, आणि फार मोठा मनोराही लागत नाही. त्याच काळात जुने मिडियम वेव्ह प्रक्षेपक मात्र एकेक करून निकाली निघत आहेत. वीज फार खातात, सुटे भाग मिळत नाहीत, एकरांनी जागा लागते. कारणं खोटी नाहीत. “अ‍ॅपवर ऐका की,” असं आता पोरं सांगतात. ऐकतोही. पण डोंगराकडेच्या शेतात रेंज नसते, आणि असली तरी अ‍ॅपवरचा चेंडू मागून येतो. शेजाऱ्याच्या टीव्हीवर गडी बाद होऊन आरडाओरडा झालेला असतो आणि आमचा गोलंदाज अजून धावतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. हलवा, पण सांगलीची मराठी सेवा घेणारा एक प्रक्षेपक आमच्या बाजूच्या उंचावर, चंदगडात म्हणा, बेळगावात म्हणा, आधी उभा राहू दे. त्यावर दिवसातला थोडा वेळ इथल्या मैदानांना आणि इथल्या माणसांना मिळू दे, मराठीत आणि कन्नडमध्येही. तो लागतोय याची खात्री बेळगुंदीत, उचगावात, खानापूरच्या रानात सेट फिरवून करा. मगच १२५१ चं बटण बंद करा. क्रम उलटा झाला तर सीमाभागातला एक मोठा श्रोतावर्ग कागदावर कुठं न दिसता संपेल.

कधीकाळी ‘आपली आवड’साठी आमच्या गावातून फर्माइशीची पत्रं जायची. फर्माइशींसाठी गाजलेल्या झुमरीतलैयाइतकी नव्हे, पण जायची. नाव वाचलं गेलं की आठवडाभर गल्लीत त्याचीच चर्चा. ती सवय आता पुन्हा लावावी लागेल. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडं मिडियम वेव्हचा सेट असेल त्यांनी रात्री घरातले एलईडी दिवे घडीभर बंद करून काटा १२५१ वर न्यावा. सांगली लागली तर दुसऱ्या दिवशी आकाशवाणीच्या सांगली केंद्राला एक पोस्टकार्ड टाकावं. त्यावर काय ऐकलं ते लिहावं, किती खरखर होती तेही लिहावं, आणि खाली आपलं गाव, तालुका, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक हे वाचता येईल अशा अक्षरात लिहावं.