घाटात जाग, हायवेवर झोप

शुक्रवारी ऑफिसमधून थेट ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर. स्लीपरचा अप्पर बर्थ, कानात इअरफोन, डोळे उघडले की गाव! आपल्यापैकी कितीतरी जणांचा हा ठरलेला फॉर्म्युला. माझाही होता. बुलढाण्याला जाताना मात्र मी ट्रेन घेतली, कारण यावेळी रस्ता जागेपणी बघायचा होता.

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने मलकापूर, तिथून एसटीचा लाल डबा. मोताळा मागे पडलं की समोर अजिंठ्याची डोंगररांग उभी राहते आणि राजूर घाट सुरू होतो. १३ तालुक्यांचा हा जिल्हा आपली ओळख या चढावरूनच सांगतो. मलकापूर, खामगाव, शेगाव 'घाटाखाली'. बुलढाणा, चिखली, मेहकर 'घाटावर'. बुलढाण्यात गावाचं नाव सांगा, पत्ता आपोआप कळतो.

वळण आलं की हॉर्न, गिअर खाली. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, हा नियम इथे पुस्तकात राहत नाही. माझ्या शेजारच्या कॉलेजकुमाराने मोबाइल खिशात टाकला आणि समोरची दांडी धरली. अख्खी बस जागी!

बुलढाणा स्टँडवर चहा घेताना ड्रायव्हरकाकांना विचारलं, घाटात अपघात खूप होत असतील ना?

"होतात ना ताई. ब्रेक तापते, कोनी वळनावर ओव्हरटेक मारते. पन घाटात डोया लागत नाही. भेव जागं ठेवते."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजापर्यंत सोबत आलं. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराजे जाधवांचा वाडा बघून झाला. तिथून जवळच समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. गावरस्त्याच्या पुलावरून खाली पाहिलं. सहा लेन, गुळगुळीत, सरळ. ना खड्डा, ना गुरं. आणि भेव? नावालाही नाही.

इथेच, पिंपळखुट्याजवळ, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली. दाराची बाजू खाली दबली, डिझेलने पेट घेतला. ३३ जणांपैकी २५ जण गेले. वाचलेले काच फोडून बाहेर आले. त्याच महिन्यात २९ तारखेला मलकापुरात दोन खासगी बस एकमेकींवर आदळल्या आणि ६ जण गेले. वेळ? पुन्हा रात्रीचीच. दोन्ही अपघात घाटातले नाहीत. चांगल्या, रुंद रस्त्यावरचे.

हिशेब सोपा आहे. ताशी १२० किलोमीटरने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. दोन सेकंद डुलकी म्हणजे ६६ मीटर, स्टिअरिंगवर कुणीच नाही. वळण नसलं, समोर काही बदलत नसलं की उघड्या डोळ्यांनीही मेंदू पेंगतो. त्यात मध्यरात्र ते पहाट म्हणजे शरीराची हक्काची झोपेची वेळ. आपण पडदा ओढून झोपतो तेव्हा पुढे कुणीतरी याच झोपेशी झगडत असतं.

तर बॉस, जमेल तेव्हा दिवसाची गाडी किंवा ट्रेन. एक हाफ-डे जातो, जाऊ दे. रात्रीचीच घ्यावी लागली, तर सामान ठेवण्याआधी दोन गोष्टी बघा: संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठली आणि काच फोडायची हातोडी कुठे.

हे शहाणपण लगेच कामी आलं. परतीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं आणि मी पुन्हा ट्रॅव्हल्समध्ये! चढल्यावर आधी हातोडी शोधली. भिंतीवर नुसता हूक.

"लोक घेऊन जातात मॅडम," क्लीनर म्हणाला.

"मग दुसरी लावा. तोपर्यंत मी खालीच उभी आहे."

तो वैतागला, पण केबिनमधून एक घेऊन आला. समोरच्या बर्थवरच्या मुलीने इअरफोन काढून विचारलं, "काय शोधत होतात?" सांगितलं.

ती उठली आणि तिच्या बाजूची खिडकी उघडते का, ते बघायला लागली.