पाणचक्कीपासून कांचनवाडीपर्यंत

माझा भाऊ नोकरीनिमित्त औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, राहायला गेला त्याला आता पंधरा वर्षे होतील. या पंधरा वर्षांत मी अजिंठा तीनदा पाहिला, वेरूळ पाच वेळा, आणि बीबीचा मकबरा इतक्या वेळा की तिथला तिकीटवाला मला ओळखत असावा. म्हणून यंदा सुटीत गेले तेव्हा वहिनीला आधीच बजावले, “आता लेणी नकोत. तुझ्या हातचे खाईन आणि पडून वाचीन.” पण पाहुण्याने काय पाहायचे हे पाहुण्याने ठरवायचे नसते. यंदा ते माझ्या भाचीने ठरवले. तिने मला जे दाखवले ते सांगण्याआधी, फराळाची बशी मांडीवर घेऊन बसलेल्या वाचकांची क्षमा मागायला हवी. तिने मला गाळ दाखवला. गटाराचा गाळ.

प्रकरण सुरू झाले ते लोणच्याच्या बरणीवरून. वहिनीची काचेची मोठी बरणी आठवडाभर सापडत नव्हती. ती सज्जात, तुळशीच्या कुंडीमागे निघाली. आत वितभर काळा चिखल, त्यावर गढूळ पाणी, आणि झाकणातून दोन तारा बाहेर आलेल्या. भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. टॉर्चच्या जुन्या सेलांतल्या कार्बनच्या दोन कांड्या काढून तिने एक गाळात पुरली होती, दुसरी वरच्या पाण्यात सोडली होती. तारा मीटरला लावून ती म्हणाली, “आत्या, वाच.” काट्याचे मीटर नव्हते, आकडे उमटणारे होते. मी वाचले : ०.४२.

“पहिल्या दिवशी जवळजवळ शून्य होतं. आता पॉइंट बेचाळीस व्होल्ट. आणि यात सेल नाही, काही नाही. नुसता गाळ.”

मी आयुष्यभर विभक्तिप्रत्यय शिकवले. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तेव्हा तिला मला बालवर्गापासून शिकवावे लागले, आणि तिने ते बरे शिकवले. सजीवाने अन्न खाल्ले की त्या अन्नातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते कुणाच्या तरी पदरात टाकल्याखेरीज पुढचा घास घेता येत नाही. आपण माणसे ते श्वासातल्या प्राणवायूला देतो. गाळाच्या तळाशी प्राणवायू कुठला? तिथले काही जंतू ते लोखंडाच्या गंजाला देऊन मोकळे होतात. असा एक जंतू १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या चिखलात सापडला. जिओबॅक्टर त्याच्या कुळाचे नाव. गंजाऐवजी कार्बनची कांडी हाताशी आली तर हे जंतू तिलाच इलेक्ट्रॉन देतात. मग ते तारेतून वरच्या कांडीकडे धावतात, तिथे पाण्यातला प्राणवायू त्यांना उचलून घेतो, आणि मधल्या तारेत जे वाहते ती वीज. ही गोष्ट काही कालपरवाची नाही. डरहॅम विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी १९११ सालीच यीस्ट आणि जंतू यांच्यापासून ०.३ ते ०.५ व्होल्ट दाब मिळवून दाखवला होता. पुढे कित्येक वर्षे कुणी तिकडे फारसे ढुंकून पाहिले नाही.

शेजारी आणखी एक बरणी होती, लहान आणि घट्ट बंद. तिच्यातला कारभार उलटा होता. तिला वीज द्यायची, ०.७ व्होल्ट. सांडपाण्यातला गाळ म्हणजे पुष्कळसा जंतूंच्याच पेशींचा ढीग. त्यांच्या भिंती चिवट, त्यामुळे तो लवकर कुजत नाही. बंद टाकीत ३५ अंशांच्या उबेत ठेवला तरी कुजवायला वीस ते तीस दिवस लागतात. कुजताना आम्ले साचली की सारे काम अडते. थोडी वीज बाहेरून दिली तर इलेक्ट्रॉन उचलून नेणारा गडी सतत हजर राहतो, आम्ले खाणाऱ्या जंतूंना उसंत मिळते, आणि दुसऱ्या कांडीपाशी हायड्रोजन तयार होतो किंवा त्याचा मिथेन होतो. नुसते पाणी फोडून हायड्रोजन काढायचा तर निदान १.२३ व्होल्ट हवेत. इथे त्याहून कमीत भागते, कारण उरलेला जोर जंतू स्वतः लावतात. अमेरिकेत आणि हॉलंडात २००५ साली ही युक्ती सापडली. मला ती उसनवारीसारखी वाटली : वाटीभर साखर द्यायची आणि वाडगाभर शिरा परत घ्यायचा.

“आणि गाळ कुठून आणलास?” असे मी विचारले, तेव्हा ती मला पाणचक्कीला घेऊन गेली.

पाणचक्की मी पूर्वीही पाहिली होती, पण सहलीला आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारचा तो हौद, तो प्रचंड वड, आणि डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी कित्येक मैलांवरून मातीच्या नळांनी आणून, उंचावरून पाडून, त्या जोरावर फिरवलेले जाते. अठराव्या शतकात इथे फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. सगळे पर्यटक हौदाकडे तोंड करून फोटो काढतात. भाचीने मला पाठ फिरवून उभे केले. भिंतीपलीकडे खाम नदी.

खाम शहराच्या उत्तरेच्या डोंगरांत उगम पावते, वस्तीतून वाहते आणि पुढे नाथसागराला मिळते. मधली कित्येक वर्षे ती नदी आहे हेच लोक विसरले होते. तिला नाला म्हणत. अलीकडे महापालिका, छावणी आणि काही संस्था-उद्योग यांनी मिळून तिचे काठ साफ केले, झाडे लावली, आणि त्या कामाची दखल परदेशातही घेतली गेली. हे चांगलेच झाले. पण भूगोल काही बदलत नाही. खाम ज्या नाथसागरात जाते तो पैठणचा जलाशय, आणि हे शहर पाणी पिते ते त्याच नाथसागराचे, पंपांनी वर चढवून आणलेले. या धरणाची कोनशिला १९६५ साली बसली आणि १९७६ साली ते पुरे झाले. एकनाथांनी काशीच्या गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली ही कथा मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगते. त्याच नाथांच्या पैठणच्या पाण्यात वरून काय येऊन पडते याचा विचार मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

रात्री भाचीने आपली टिपणे वाचायला दिली. त्यात एके ठिकाणी मी थबकले. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या महारोगी आश्रमात मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवले गेले होते. हा आश्रम १८९० साली काढला तो मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ यांनी. अॅक्वर्थ! हे नाव तर माझ्या कपाटातले. शाळिग्राम आणि अॅक्वर्थ यांनी जमवलेले पोवाडे १८९१ साली छापून निघाले नसते तर शाहिरांचे कितीतरी कवित्व हवेत विरून गेले असते. वीस वर्षे मी त्या पुस्तकाची नावनिशी फळ्यावर लिहीत आले. पण ज्यांना रस्त्यावरून हाकलत होते त्या माणसांसाठी याच गृहस्थाने छप्पर उभारले, हे मला ठाऊक नव्हते. आणि त्या छपराखालच्या मैल्यावर यंत्र फिरले, हे तर आमच्या कुठल्याच क्रमिक पुस्तकात नाही. रात्री अकरा वाजता मी भाचीला उठवून हे सांगितले. ती म्हणाली, “बरं,” आणि कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून आम्ही पैठण रस्त्यावरच्या कांचनवाडीला गेलो. शहराचे सर्वांत मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र इथे आहे. क्षमता दिवसाला १६ कोटी १० लाख लिटर. आकडा ऐकून काही कळत नाही. काठावर उभे राहिले की कळते. विस्तीर्ण टाक्या, त्यांत खालून सोडलेल्या हवेने खदखदणारे तपकिरी पाणी, आणि हवा ढकलणाऱ्या यंत्रांची घरघर. इथेही कामाला जंतूच. त्यांना प्राणवायू पुरवायचा म्हणून हवा. अशा केंद्रांत विजेचा निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च या एका हवेवर होतो, आणि शेवटी गाळ उरतो तो उरतोच. गंमत अशी की त्या घाण पाण्यातच, ते शुद्ध करायला लागते त्याहून जास्त शक्ती दडलेली असते.

आम्हांला हिंडवणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. मी नाकाला पदर लावलेला पाहून म्हणाले, “मॅडम, पहिले पंधरा मिनिटं वास येतो. मंग नाक सोडून देतं.” थोडे पुढे गेल्यावर आपणहून म्हणाले, “माझे आजोबाबी हेच काम करायचे. त्यांच्या डोक्यावर टोपली होती. माझ्या हातात बटन आहे.”

मी पदर खाली घेतला. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी वाड्याच्या मागच्या अंगाला टोपलीचा संडास होता. पहाटे एक बाई मागच्या दाराने येत. दिवाळीला आई त्यांना फराळ देई, वरून, पदरात टाकून. जी बाई सात-आठ वर्षे रोज आमच्या घरी आली तिचे नाव मला माहीत नाही. पुढे १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले; तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांची बातमी अजून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. यातले काहीच मी त्या गृहस्थांना बोलले नाही. बोलायला हवे होते की काय, कोण जाणे.

भाचीने त्यांना बरण्यांची हकीकत सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली आणि विचारले, “एका बरणीत किती मावतं?”

“लोटाभर.”

ते हसले, पण वेडावून नव्हे. भाचीनेही थापा मारल्या नाहीत. ही विद्या अजून बहुतेक प्रयोगशाळांत आणि लहानसहान प्रायोगिक टाक्यांतच आहे. कांड्या महाग पडतात, त्यांच्यावर थर चढतो, आणि बरणीत जमते ते तळ्याएवढ्या टाकीत जमेलच असे नाही, हे तिने सांगितले. त्यांनी मान डोलावली. मग खोलीत जाऊन पाण्याची एक रिकामी बाटली आणली, ती दाट गाळाने भरली, वरून स्वच्छ धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. “हा ताजा आहे. नदीचा अन् ह्याचा फरक बघा म्हणावं.”

ती बाटली मी शबनममध्ये, चष्म्याच्या घराशेजारी ठेवून रिक्षातून घरी आणली.

घरी पोचलो तर धांदल उडालेली. पाच दिवसांनी नळाला पाणी आले होते. वहिनी पदर खोचून पिंप, कळश्या, पातेली, बादल्या भरत होती. मीही हात धुऊन लागले. शेवटची कळशी भरेपर्यंत नळाची धार करंगळीएवढी झाली. मग वहिनीचे लक्ष टेबलावरच्या बाटलीकडे गेले. तिने ती उचलून उजेडात धरली, भाचीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरी बरणी होती, लिंबाच्या लोणच्याची, नुकतीच रिकामी करून घासलेली.

“ही घे,” ती म्हणाली. “पण झाकण घट्ट लाव.”